संगणक कक्षाची एक तासिका मराठीला द्या

नाशिक शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या मराठी शाळांचे मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांना,

सप्रेम नमस्कार.

मी सातपूर भागातल्या एका मराठी शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवते. यंदा २१ वर्षं झाली. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं कामगारांची आहेत. वडील पाळीवर, आई कुठे पॅकिंगला, कुठे घरकामाला, कुठे भाजी घेऊन बाजारात. मी नोकरीला लागले तेव्हा एका तुकडीत ६० मुलं असायची, आता ३२ आहेत. पट का घसरला यावर आपण सगळेच बोलत असतो, आज मी त्यावर लिहीत नाही. आज माझं एकच मागणं आहे आणि ते शेवटाला न ठेवता आधीच मांडते. शाळेच्या संगणक कक्षाची आठवड्यातली एक तासिका मराठीच्या शिक्षकाला द्या, आणि त्या तासिकेत मुलांना एका पानावर एकत्र लिहू द्या.

एका पानावर एकत्र म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. गूगल डॉक्ससारखं साधन घ्या. चार मुलं चार संगणकांवर बसतात, पण समोर पान एकच असतं. एकीनं टाइप केलेलं अक्षर बाकीच्या तिघांना त्याच क्षणी दिसतं. प्रत्येकाचा कर्सर वेगळ्या रंगाचा, त्यावर नाव. दुसऱ्याचं वाक्य न पुसता त्यात बदल सुचवता येतो आणि समासात कमेंट लिहिता येते. शिवाय कोणी कधी काय लिहिलं, काय खोडलं, याची सगळी नोंद ते पान स्वतःकडे ठेवतं. हे साधन २००६ पासून लोकांच्या हातात आहे, कचेऱ्यांत तर आता रोजचं झालं आहे. आपल्या शाळांत ते खऱ्या अर्थानं आलं २०२० मध्ये, शाळा बंद पडल्या तेव्हा. पण आपण त्याचा उपयोग स्वाध्याय गोळा करायची पेटी म्हणून केला. शाळा उघडल्या, वह्या परत आल्या आणि पेटी माळ्यावर गेली. पेटीच्या आत काय होतं ते आपण उघडून पाहिलंच नाही, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मी नववीच्या मुलांना गोदाघाटावरच्या बुधवार बाजारात नेलं. चार-चार जणांचे गट, प्रत्येक गटानं एक भाग निवडायचा, बघायचं, विचारायचं आणि परत आल्यावर अहवाल लिहायचा. भाजीबाजाराच्या गटात एक मुलगी होती. जूनपासून दिवाळीपर्यंत मी तिचा आवाज हजेरीपुरता ऐकलेला. वही स्वच्छ, अक्षर सुबक, पण प्रश्न विचारला की मान खाली. त्या दिवशी तिच्या गटातल्या मुलानं पानावर लिहिलं, ‘बाजारात वांगी ४० रुपये किलो या दराने विकली जातात.’ थोड्या वेळानं समासात एक कमेंट उमटली. ‘संध्याकाळी किलोवर नसतात. वाटे करतात. पाच वाजता वीसचा वाटा, सात वाजता दहाचा. तागडी आवरून ठेवतात.’

मुलानं खाली विचारलं, ‘तुला काय माहीत?’

तिनं लिहिलं, ‘माझी आई बसते तिथे.’

पुढची दोन मिनिटं त्या पानावर कोणीच काही टाइप केलं नाही. चार कर्सर नुसते लुकलुकत होते. मग त्या मुलानं आपलं वाक्य स्वतःच खोडलं आणि लिहिलं, ‘संध्याकाळ झाली की तागडी आवरली जाते आणि वाटे लागतात.’ तास संपेपर्यंत त्या समासात तिला ११ प्रश्न विचारले गेले होते. उरलेली भाजी घरी नेतात का, पाऊस आला तर काय करतात, पहाटे मार्केट यार्डात माल घ्यायला कशानं जातात. तिनं सगळ्यांची उत्तरं लिहिली. एका उत्तरात ‘बारदान’ हा शब्द आला, तो दोघांना माहीत नव्हता, तोही तिनं समजावून दिला.

मी २१ वर्षांत किती मुलींना ‘मोठ्याने बोल’ असं सांगितलं असेल! वर्गात ज्याचा हात आधी वर जातो आणि ज्याचा आवाज मोठा असतो, त्याचं वाक्य फळ्यावर जातं. समासाला आवाज लागत नाही. त्या दिवशी मला हे दिसलं आणि तेव्हापासून मी या कामाला चिकटून आहे.

धान्याच्या गटात वेगळंच घडलं. त्या गटातला एक मुलगा सुरगाण्याकडचा, इथं मामाकडे राहून शिकतो. त्यानं लिहिलं ‘नागली’. दुसऱ्यानं ते खोडून ‘नाचणी’ केलं. त्यानं पुन्हा ‘नागली’ केलं, पुन्हा कोणीतरी ‘नाचणी’. मी नोंदी उघडल्या तर तासाभरात हा एक शब्द पाच वेळा बदललेला होता. हेच वहीत झालं असतं तर? मी लाल शाईनं ‘नागली’खाली रेघ मारून वर ‘नाचणी’ लिहिलं असतं, त्यानं मुकाट्यानं तीन वेळा ‘नाचणी’ लिहून आणलं असतं, आणि घरचा शब्द शाळेत आणायचा नसतो हे तो कायमचं शिकला असता. पानावर मात्र भांडण सगळ्यांना दिसत होतं, म्हणून ते मिटवावंही लागलं. मी फक्त एवढंच विचारलं की वाचणाऱ्याला दोन्ही शब्द कळावेत यासाठी काय करता येईल. त्यांनी शेवटी जे वाक्य ठेवलं ते असं: ‘पेठ-सुरगाण्याकडे जिला नागली म्हणतात, ती नाचणी इथे पोत्यावर पसरून विकायला असते.’ हे वाक्य चौघांचं आहे. माझं त्यात एकही अक्षर नाही.

या नोंदींना इंग्रजीत काय म्हणतात ते मुलांना ठाऊक असतं. मी त्यांना त्यासाठी आपला जुना शब्द दिला, पाठभेद. आणि हा शब्द कुठून आला तेही सांगितलं. छापखाना नव्हता तेव्हा ग्रंथ हातानं उतरवून घेत. उतरवणारा एखादा शब्द चुकायचा, एखादा त्याला कळायचा नाही म्हणून बदलायचा, एखादी ओवी स्वतःची घालायचा. ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर जवळजवळ ३०० वर्षांनी, शके १५०६ म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी तिच्या प्रती समोर ठेवून, पाठ ताडून, शुद्ध प्रत सिद्ध केली. आपल्याच गोदावरीच्या काठी, खाली पैठणला. मुलांना हे ऐकताना मजा वाटते. कोणता शब्द आधीचा, कोणता नंतरचा, कोणी बदलला, का बदलला, हे विचारणं आपल्या भाषेला नवं नाही. नाथांना त्यासाठी पोथ्या जमवाव्या लागल्या, आपल्या मुलांना एक बटण दाबावं लागतं. आमच्या वर्गात आता सगळे पाठभेदच म्हणतात. ‘मॅडम, पाठभेद उघडा, हे मी नाही खोडलं.’

आणि खोडाखोडी होते, ती लपवून मला हे पत्र लिहायचं नाही. दुसऱ्याच आठवड्यात एका मुलानं सगळं पान निवडलं आणि चुकून एक कळ दाबली. २० मिनिटांचं चौघांचं लिखाण एका क्षणात गेलं. पांढरं पान. एक मुलगी रडायला लागली, दोघं त्याच्यावर धावून गेले. बाकीच्या तिघांनी आपापल्या संगणकावर ‘अनडू’ दाबून पाहिलं, पण ते प्रत्येकाला फक्त स्वतःचंच काम मागे फिरवू देतं, दुसऱ्यानं खोडलेलं आणत नाही. ज्याच्या हातून गेलं त्यानं घाबरून खिडकीच बंद करून टाकली होती. शेवटी जुन्या आवृत्त्यांमधून पान जसंच्या तसं परत आणलं. पाच मिनिटं गेली असतील. पण तो मुलगा पुढचे दोन तास कीबोर्डला हात लावेना. म्हणून मी नियम केला, आणि तो पहिल्याच दिवशी करायला हवा होता. दुसऱ्याचं वाक्य पुसायचं नाही. सुचवायचं, कारण लिहायचं, आणि ज्याचं वाक्य त्यानंच ते मान्य करायचं किंवा नाकारायचं. कारण लिहायचं हा भाग मुलांना जड जातो. ‘चांगलं वाटत नाही’ एवढ्यावर मी सोडत नाही. का वाटत नाही? शब्द दोनदा आला आहे, कर्ता कळत नाही, खरं नाही, वाक्य लांबलं आहे. व्याकरणाचा जो तास मी फळ्यावर घेऊन दमत असे, तो असा समासात आपोआप होऊ लागला.

दुसरी चूक माझी. सुरुवातीला मी माझ्या संगणकावरून सगळ्या गटांची पानं उघडून बसायची. माझं नाव पानावर उमटलं की मुलांचे हात थांबत. मी गेले की पुन्हा सुरू. हे माझ्या लक्षात यायला महिना गेला. आता पहिली २५ मिनिटं मी एकाही पानात शिरत नाही. वर्गात फिरते, खुर्च्यांच्या मागून जाते, कोणी बोलावलं तर थांबते. जे सहकारी हे करून पाहणार असतील त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, मुलं लिहीत असताना त्यांच्या पानावर जाऊन उभे राहू नका.

आता टाइप करण्याविषयी, कारण ‘मुलांना मराठी टाइप येत नाही’ हे मला हमखास ऐकावं लागतं. खरं आहे, येत नाही. ती घरी आईच्या मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात, नाहीतर बोलून लिहितात. मी नववीच्या सुरुवातीला तीन आठवडे इनस्क्रिप्ट, म्हणजे आपल्या लिप्यांसाठी ठरवलेली कीबोर्डची मांडणी, शिकवते. डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे व्यंजनं. हे शिकवताना शुद्धलेखनाचं असं काही हाती लागलं की मी स्वतः चकित झाले. हातानं लिहिताना मूल पहिली वेलांटी आधी काढतं, मग अक्षर. संगणकावर तसं केलं की ती वेलांटी एका ठिपक्यांच्या गोलाला लटकते, नाहीतर मागच्या अक्षराला जाऊन चिकटते. कारण संगणकाला आधी व्यंजन हवं, मग स्वर, म्हणजे आपण उच्चारतो त्याच क्रमानं. रफाराचंही तसंच. ‘आशीर्वाद’ हा शब्द माझ्याकडच्या कितीतरी मुलांच्या वहीत ‘आर्शीवाद’ असतो. वर्षानुवर्षं मी तो दुरुस्त करत आले. कीबोर्डवर मुलाला आ, शी, मग र, मग हलन्त, मग वा असं जावंच लागतं. र् कुठे ऐकू येतो हे तोंडानं म्हटल्याशिवाय बोट पुढे सरकत नाही. ज्या मुलांनी हा शब्द दहा वेळा टाइप केला त्यांच्या वहीतही तो सुधारला. लिपिकाच्या नोकरीसाठी मिनिटाला ३० शब्दांचं मराठी टायपिंग लागतं, हे पालकांना सांगितलं की तेही खूश होतात. मला आनंद रफाराचा आहे.

एक गोष्ट मात्र शाळेच्या कार्यालयानंही पाहायला हवी. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोटिसा, प्रश्नपत्रिका, निबंधांचे नमुने या पानांवर आणून चिकटवले की निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. मुलांसाठी जे काही लिहाल ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखीच वाचता येतील अशा अक्षरांत, लिहा.

आता तुमच्या शंका. दोन-चार मुख्याध्यापकांशी मी प्रत्यक्ष बोलले आहे, त्यामुळे त्या मला ठाऊक आहेत.

बोर्डाची परीक्षा हातानं लिहायची असते, ८० गुणांची पत्रिका तीन तासांत, मग हे कशाला? मी हातानं लिहिणं कमी केलेलं नाही. आमच्याकडे चालू संगणक १६ आहेत आणि मुलं ३२. अर्धा वर्ग संगणकावर बसतो, अर्धा त्याच खोलीत सतरंजीवर. सतरंजीवरच्यांच्या हातात त्यांच्याच मागच्या आठवड्याच्या पानाची छापील प्रत असते आणि त्यावर पेननं काम चालतं. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. म्हणजे प्रत्येक मजकूर एकदा यंत्रावर, एकदा हातानं फिरतो. आपण मुलांना एका बैठकीत, एकदाच, न खोडता लिहायला शिकवतो आणि मग तक्रार करतो की मुलं लिहिलेलं परत वाचत नाहीत. वाचतील कशी? परत वाचून बदलायचं असतं हे त्यांनी कधी केलेलंच नसतं. आणि उरलेले २० गुण शाळेच्या हातात आहेत, त्यांच्यासाठी स्वाध्याय आपणच ठरवतो. त्यात ही पानं का येऊ नयेत?

गटात एकच मूल काम करतं आणि बाकीचे नाव लावतात, ही दुसरी शंका. कागदावरच्या प्रकल्पात हे सर्रास होतं, आपण सगळे जाणतो. इथं पाठभेद उघडले की कोणाचा वाटा किती ते रंगांत दिसतं. पण इथं मला एक सावधगिरी सांगायची आहे, आणि ती मला महत्त्वाची वाटते. अक्षरं मोजून गुण देऊ नका. भाजीबाजाराच्या अहवालात त्या मुलीनं मूळ मजकुरात लिहिलेल्या ओळी सर्वांत कमी होत्या. अहवाल मात्र तिच्यामुळे अहवाल झाला. हे यंत्राला कळत नाही. ते वाचून बघावं लागतं, आणि वाचून बघायला शिक्षकाला वेळ लागतो. माझे आठ गटांचे पाठभेद पाहायला एक रविवार जातो. मी तो आनंदानं देते, पण तुम्ही दुसऱ्या शिक्षकाकडून हे काम मागाल तेव्हा त्याच्या माथी आणखी एक नोंदवही मारू नका.

नक्कल करतील, एआयकडून लिहून आणतील, याबद्दल एवढंच. एका मिनिटात २०० शब्दांचा उतारा पानावर उतरला की तो नोंदीत तसाच एकगठ्ठा दिसतो, गटातल्या मुलांनाही दिसतो आणि त्याला पहिला प्रश्न तीच विचारतात. मी या नोंदी चोर पकडायला वापरत नाही. मूल एकदा असं समजलं की पान म्हणजे पहारा आहे, की ते तिथे खरं काही लिहिणार नाही.

मुलांच्या खात्यांचा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि त्यावर घाईनं होय म्हणू नका. १३ वर्षांखालच्या मुलाला गूगलचं खातं स्वतःहून उघडता येत नाही, म्हणून आठवीतली काही मुलं मोबाइलवर जन्मसाल खोटं टाकून बसलेली असतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल येतं आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची संमती लागते. त्यामुळे मुलांच्या घरच्या खात्यांवर हे करू नये. शाळेच्या नावानं शैक्षणिक खाती मिळतात, त्यांची प्राथमिक सोय पात्र शाळांना मोफत असते आणि पान शाळेबाहेर उघडणारच नाही अशी तजवीज करता येते. कागदपत्रं शाळेनं करायची असतात, एकट्या शिक्षकाला ते जमत नाही.

तेही नको असेल, किंवा तुमच्या गावात नेट टिकत नसेल, तर ईथरपॅड आहे. २००८ साली निघालेलं हे साधन पुढच्याच वर्षी गूगलनं विकत घेतलं आणि मग त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला. आजही ते फुकट आहे. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी अंबडला एका कारखान्यात संगणकाचं काम पाहतो. त्यानं एका सुट्टीच्या दिवशी येऊन कक्षातल्या एका संगणकावर ते बसवून दिलं, बाकीचे तारेनं त्याला जोडले. आता नेट गेलं तरी आमचा तास जात नाही. मुलाला ई-मेल लागत नाही, वय सांगावं लागत नाही, लिहिलेलं शाळेच्या भिंतीबाहेर जात नाही. प्रत्येकाच्या अक्षरांमागे त्याचा रंग असतो. सुचवण्याची सोय त्यात मुळात नाही, म्हणून मुलं आपली सूचना चौकटी कंसात लिहितात. पण एक गोष्ट त्यात अशी आहे की ती तुम्ही एकदा पाहावीच. वरची पट्टी मागे ओढून चालू केली की पान पहिल्या अक्षरापासून पुन्हा लिहिलं जाऊ लागतं. अक्षरं येतात, थांबतात, खोडली जातात, दुसऱ्या रंगातली ओळ मध्येच घुसते. मी ते प्रोजेक्टरवर लावते. एरवी निबंध वाचून दाखवताना खिडकीबाहेर पाहणारी मुलं तेव्हा हलत नाहीत. ‘इथे मी अडकलो होतो,’ असं एकजण आपणहून म्हणाला. लिहिताना अडकतात, सगळेच अडकतात, हे त्या मुलांना कोणी आधी दाखवलंच नव्हतं.

दहावीच्या मुलांना मी पुढे मराठी विकिपीडियावर नेते. १ मे २००३ पासून चालू असलेला हा ज्ञानकोश असाच, एका पानावर अनेकांनी लिहून झालेला आहे. लेखाच्या वर ‘चर्चा’ आणि ‘इतिहास’ अशी दोन पानं असतात. लेख वाचायच्या आधी ती उघडायची, एवढाच धडा. छापल्यासारखं दिसतं ते सगळं कोणीतरी लिहिलेलं असतं आणि त्यावर कोणाचा तरी आक्षेप असू शकतो, हे त्यातून कळतं.

मागच्या वर्षी तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी वह्या मागितल्या. मी वह्या दिल्या आणि या पानांच्या छापील प्रती, पाठभेदांसह, समोर ठेवल्या. त्यांनी त्या उलटूनही पाहिल्या नाहीत. ‘संगणकावर केलं ते लेखन नव्हे, लेखन वहीत दाखवा,’ असं म्हणाले. शेऱ्यात आमच्या तुकडीचं लेखनकार्य अपुरं ठरलं. मला स्वतःबद्दल वाईट वाटलं नाही. पण तो शेरा ऐकून मुलांनी विचारलं, मग आम्ही लिहिलं ते काय होतं? याचं उत्तर मी एकटी देऊ शकत नाही. तुम्ही मुख्याध्यापक म्हणून, संस्थाचालक म्हणून देऊ शकता. अशा प्रती लेखनकार्य म्हणून शाळेच्या दप्तरी लावा, त्यावर तुमची सही करा. तुमची सही असली की तपासणाऱ्यालाही पान उलटावं लागेल.

संगणक कक्ष आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे आहेत. कुठे सरकारी योजनेतले, कुठे कंपन्यांनी दिलेले. मी ज्या चार-पाच शाळांत गेले तिथं वेळापत्रकात ते संगणक विषयाला दिलेले होते, उरलेला वेळ कुलूप, आणि किल्ली कार्यालयात. मराठीच्या शिक्षकानं किल्ली मागितली की ‘तुम्हाला कशाला?’ असा प्रश्न येतो. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मराठी म्हणजे पुस्तक, फळा आणि वही, अशी आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांना सवय झाली आहे. पत्रलेखनात ई-मेलचा पत्ता कसा लिहायचा हे आपण मुलांना शिकवतो, पण वर्षभरात एकही पत्र त्यांच्याकडून खरोखर पाठवून घेत नाही.

२७ फेब्रुवारीला आपल्या शाळाशाळांतून ग्रंथदिंडी निघते. कुसुमाग्रजांचं हे शहर आहे, त्या दिवशी इथं जो उत्साह असतो त्याचा मला अभिमान आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही वर्गात पेढे वाटले होते. त्याच मुलांना आपल्या भाषेत चार जणांनी मिळून एक धड परिच्छेद लिहिण्यासाठी ३५ मिनिटं आणि एक उघडं दार मिळावं, एवढंच मी मागते आहे. जूनचं वेळापत्रक एप्रिलमध्येच ठरतं. त्या कोष्टकात ‘संगणक कक्ष’ या ओळीत एका चौकोनात ‘मराठी’ असं लिहा.

भाजीबाजाराचा तो अहवाल आम्ही छापून काढला, चार पानं झाली. मुलीनं एक प्रत आईसाठी मागून नेली. दोन दिवसांनी ती परत आली, त्यावर पेन्सिलीनं एक दुरुस्ती होती. आईला फारसं लिहिता येत नाही, तिनं सांगितलं आणि मुलीनं लिहिलं होतं. ‘पावसाळ्यात सात वाजेपर्यंत थांबत नाहीत, सहालाच आवरतात.’ गटानं ती पानात घातली. पाठभेदांत त्या ओळीपुढे मुलीचं नाव दिसतं, म्हणून तिनं समासात कमेंट टाकून ठेवली आहे की हे वाक्य आईचं आहे.

शनिवारी आमची सकाळची शाळा असते. तिसऱ्या तासाला नववी ‘ब’ कक्षात बसते. यायचं असेल तर आधी कळवायची गरज नाही. सतरंजीवर जागा असते, फक्त पहिली २५ मिनिटं कोणाच्या खांद्यावरून वाकून पाहू नका.

आपली,
नववी ‘ब’ची मराठीची शिक्षिका
सातपूर, नाशिक